श्वसनविषाणू, दूषित पृष्ठभाग आणि बंदिस्त जागेतील हवा : महाविद्यालयीन इमारतींच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

१८९६ साली मुंबईत प्लेगचा प्रादुर्भाव झाला आणि अल्पावधीत तो पुण्यासह दख्खनच्या अन्य भागांत पसरला. त्या काळी घरांच्या भिंतींना चुना देणे, गटारे व जमिनी जंतुनाशक द्रावणाने धुणे, छपरावरील कौले काढून अंधाऱ्या खोल्यांत उजेड व वारा आणणे असे उपाय मोठ्या प्रमाणावर योजले गेले. प्लेग कोंदट हवेमुळे नव्हे, तर उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यकाने १८९८ मध्ये कराचीतील प्रयोगाने दाखविले. पिसवांच्या रोगावर तेव्हा उपाय झाला तो हवेचा. २०२० मध्ये याच्या नेमके उलट घडले. मुख्यतः हवेतून पसरणाऱ्या कोरोनावर आपण जमिनी व रस्ते धुण्याचा उपाय केला. गावोगावी सोडियम हायपोक्लोराइटची फवारणी झाली. एप्रिल २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वृत्तपत्रांच्या घरपोच वितरणावर निर्बंध घातले. वितरणातील संपर्काबरोबरच कागदावर विषाणू टिकून राहण्याची भीतीही या चर्चेत होती आणि हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

दोन्ही प्रसंगी प्रयत्नांत कसूर नव्हती. रोग कोणत्या वाटेने माणसापर्यंत पोहोचतो याचे आकलन मात्र अपुरे होते. कोरोनाची साथ ओसरली असली तरी इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही, ऱ्हायनोव्हायरस, गोवर आणि स्वतः कोरोना विषाणू आपल्यातून गेलेले नाहीत. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने झालेला देशातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदविला गेला होता. पुढील साथीच्या वेळी महाविद्यालयांनी आपले मर्यादित मनुष्यबळ व निधी कोठे खर्च करावा, हा प्रश्न म्हणूनच आजही तितकाच महत्त्वाचा आहे. श्वसनविषाणू पृष्ठभाग व वायुविजन यंत्रणा कशा दूषित करतात आणि त्या दूषिततेपासून प्रत्यक्ष संसर्ग कितपत होतो, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळेच बरेचसे श्रम वाया जातात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१. श्वासातून काय बाहेर पडते?

मनुष्य खोकतो वा शिंकतो तेव्हाच नव्हे, तर बोलताना, गाताना आणि नुसता श्वास सोडतानाही श्वसनमार्गातील ओलाव्याचे कण बाहेर टाकीत असतो. या कणांचा आकार एक मायक्रॉनहून लहान ते शंभर मायक्रॉनहून मोठा असा विस्तृत असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कोरोना विषाणू स्वतः सुमारे ०.१ मायक्रॉनचा असतो, परंतु तो सुटा फिरत नाही. लाळ, क्षार व श्लेष्मा यांनी बनलेल्या कणावर स्वार होऊनच तो बाहेर येतो.

कण किती वेळ हवेत राहील हे त्याच्या आकारावर अवलंबून असते. स्थिर हवेत शंभर मायक्रॉनचा कण काही सेकंदांत जमिनीवर येतो. दहा मायक्रॉनच्या कणास दीड मीटर खाली येण्यास साधारण आठ मिनिटे लागतात. एक मायक्रॉनचा कण मात्र तितकेच अंतर उतरण्यास बारा तासांच्या आसपास वेळ घेतो. प्रत्यक्ष खोलीत हवा कधीच स्थिर नसते. पंखा, माणसांची ये-जा आणि शरीराच्या उष्णतेने वर चढणारी हवा यांमुळे हे सूक्ष्म कण खोलीभर पसरतात.

पाच मायक्रॉनपेक्षा मोठे ते तुषार आणि लहान ते हवेतून पसरणारे कण, अशी विभागणी पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ शिकविली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये कोरोना हवेतून पसरत नाही असे जाहीरपणे सांगितले, त्यामागे हीच विभागणी होती. एप्रिल २०२४ मध्ये संघटनेने नवी परिभाषा स्वीकारली. त्यानुसार सर्व आकारांच्या अशा कणांना ‘संसर्गजन्य श्वसनकण’ म्हटले जाते आणि आकाराची ती ठाम सीमारेषा आता मानली जात नाही. प्रस्तुत लेखात यापुढे ‘श्वसनकण’ हीच संज्ञा वापरली आहे.

२. पृष्ठभाग कसे दूषित होतात?

पृष्ठभागावर विषाणू तीन मार्गांनी येतो. मोठे श्वसनकण थेट खाली पडतात. सूक्ष्म कण हळूहळू स्थिरावतात. बाधित व्यक्तीचे नाक-तोंडाला लागलेले हात दाराची कडी, बाक, संगणकाचा कळफलक, नळ अशा वस्तूंना लागतात.

तेथे विषाणू किती काळ सक्षम राहतो, याविषयी प्रयोगशाळेतील निरीक्षणे उपलब्ध आहेत. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोरोना विषाणू तांब्यावर सुमारे ४ तास, पुठ्ठ्यावर २४ तास आणि प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत सक्षम स्वरूपात आढळला. त्याच अभ्यासात हवेतील कणांमध्येही तो तीन तासांच्या संपूर्ण प्रयोगकाळात सक्षम राहिला. इन्फ्लुएन्झाचा विषाणू पोलाद व प्लास्टिकवर २४ ते ४८ तास, तर कापड व कागदावर ८ ते १२ तास टिकतो, असे १९८२ मध्येच दाखविले गेले होते.

वरील आकड्यांपैकी ‘७२ तास’ हा आकडा वृत्तपत्रांतून सर्वदूर पोहोचला, परंतु त्याचा अर्थ पोहोचला नाही. विषाणूंची संख्या एकदम शून्यावर येत नाही, ती टप्प्याटप्प्याने निम्मी होत जाते. प्लास्टिकवर कोरोना विषाणूचे अर्धायुष्य सात तासांहून किंचित कमी आढळले. याचा अर्थ, तीन दिवसांनी जे उरते ते मूळ संख्येच्या हजारातील एका भागाच्या आसपास असते. शिवाय प्रयोगात वापरलेली विषाणूंची मात्रा प्रत्यक्षात बाकावर पडणाऱ्या मात्रेहून कितीतरी अधिक होती, अशी टीका पुढे झाली. प्रखर सूर्यप्रकाशाचा परिणाम तर फारच जलद असतो. उन्हाळ्यातील मध्यान्हीच्या उन्हाशी तुल्य अशा कृत्रिम प्रकाशात लाळेच्या वाळलेल्या थरातील ९० टक्के विषाणू सुमारे सात मिनिटांत निष्प्रभ झाल्याचे आढळले आहे. उन्हात तापलेल्या रस्त्यावर फवारणी करण्यात फारसे तथ्य नव्हते, हे यावरून लक्षात यावे.

३. दूषितता आणि संसर्ग यांतील अंतर

पृष्ठभाग पुसून घेतलेल्या नमुन्याची आरटीपीसीआर चाचणी होते तेव्हा ती विषाणूचा जनुकीय अंश शोधते. तो अंश सक्षम विषाणूचा आहे की मृत विषाणूच्या अवशेषाचा, हे ती चाचणी सांगत नाही. आपल्या जिल्ह्यातील संगमनेर, अकोले वा राहुरी परिसरात उसाच्या फडात बिबट्याचा ठसा दिसला की तो येथून गेला आहे हे कळते. परंतु बिबट्या या क्षणी फडातच बसला आहे, असे त्या ठशावरून म्हणता येत नाही. आरटीपीसीआरचा होकारार्थी निष्कर्ष हा असाच ठसा होय. सक्षम विषाणू आहे का, हे पाहण्यासाठी तो जिवंत पेशींवर वाढवून पाहावा लागतो.

पृष्ठभागावरील विषाणूपासून माणूस आजारी पडण्यास पुढील सर्व पायऱ्या पूर्ण व्हाव्या लागतात : पुरेसा सक्षम विषाणू पृष्ठभागावर असणे, तो बोटांवर येणे, बोटांवर टिकणे आणि तीच बोटे लवकरच डोळे, नाक वा तोंडाला लागणे. प्रत्येक पायरीवर मात्रा घटते. इन्फ्लुएन्झाचा विषाणू तर हातांवर पाचएक मिनिटेच टिकतो. अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये नमूद केले की, कोरोनाबाबत दूषित पृष्ठभागाला झालेल्या एका स्पर्शामागे संसर्गाची शक्यता साधारणतः १०,००० मध्ये १ हून कमी आहे.

तथापि सर्व विषाणूंना एकच नियम लावणे योग्य नव्हे. लहान मुलांना होणाऱ्या आरएसव्ही संसर्गाबाबत १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. बाधित बालकाला कडेवर घेऊन हाताळणाऱ्या ७ जणांपैकी ५ जणांना संसर्ग झाला. बालक खोलीत नसताना केवळ त्याच्या सभोवतालच्या वस्तूंना स्पर्श करणाऱ्या १० पैकी ४ जणांना तो झाला. काही अंतरावर नुसते बसलेल्या १४ जणांपैकी एकालाही झाला नाही. येथे हातांचा वाटा स्पष्ट आहे. याउलट सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसवर १९८७ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे झालेल्या पत्त्यांच्या खेळाच्या प्रयोगात वेगळे चित्र दिसले. बाधितांनी हाताळून ओले केलेले पत्ते बारा तास खेळूनही निरोगी स्वयंसेवकांपैकी कोणी बाधित झाले नाही. बाधितांसमवेत एका खोलीत खेळणाऱ्यांना मात्र, चेहऱ्याला हात लावण्यास अटकाव केला असतानाही, संसर्ग झाला. तात्पर्य, साबणाने हात धुणे हा उपाय निरर्थक नाही. अतिसार, कावीळ आदी रोगांसाठीही तो आवश्यकच आहे. परंतु तो हवेच्या व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही.

४. वायुविजन यंत्रणा : दूषित होणारी आणि दूषित हवा वाहून नेणारी

सिंगापूर येथील एका रुग्णाच्या खोलीत २०२० च्या प्रारंभी, नित्याच्या स्वच्छतेपूर्वी, तपासलेल्या १५ पैकी १३ जागांवर कोरोना विषाणूचे जनुकीय अंश आढळले. त्यांत हवा बाहेर पडण्याच्या झडपेचाही समावेश होता. स्वच्छतेनंतर घेतलेले नमुने नकारार्थी आले. स्वीडनमधील उपसाला येथील रुग्णालयात तर कक्षापासून सुमारे ५० मीटर अंतरावरील निष्कास गाळण्यांवरही असे अंश सापडले. श्वसनकण हवेबरोबर दूरवर जातात, एवढे यावरून सिद्ध होते. मात्र उपसाला येथील नमुन्यांतून पेशींवर विषाणू वाढविता आला नाही. विषाणू जिवंत पेशीबाहेर वाढत नसल्यामुळे एसीच्या ओल्या कॉइलवर वा धुळकट जाळीवर त्याची पैदास होत नाही. तेथे वाढतात ते बुरशी व जीवाणू. जाळीची स्वच्छता त्यासाठी हवीच, परंतु श्वसनविषाणूंच्या दृष्टीने यंत्रणा हवेचे काय करते हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. पुढील तीन घटना त्याची तीन रूपे दाखवितात.

(अ) तीच हवा फिरविणे : चीनमधील ग्वांगझो शहरातील एका उपाहारगृहात २४ जानेवारी २०२० रोजी तीन कुटुंबे शेजारच्या तीन टेबलांवर बसली होती. पुढे या तीन कुटुंबांतील १० जण बाधित आढळले. एसीचा झोत नेमका याच टेबलांवरून जाऊन परत येत होता. इतर ग्राहक व वाढपी यांपैकी कोणीही बाधित झाले नाही. एसीच्या हवा घेण्याच्या व सोडण्याच्या तोंडांवरून घेतलेले सहाही नमुने नकारार्थी होते. म्हणजे यंत्र दूषित आढळले नाही, तरी त्याने फिरविलेल्या हवेतून संसर्ग झाला. नंतरच्या मोजणीत तेथील ताज्या हवेचा पुरवठा दरमाणशी सेकंदाला एक लिटरहूनही कमी आढळला.

(आ) एका खोलीची हवा दुसऱ्या खोलीत नेणे : अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरनजीकच्या एका प्राथमिक शाळेत १९७४ मध्ये गोवराची साथ आली. एका विद्यार्थिनीपासून १४ निरनिराळ्या वर्गांतील २८ मुलांना संसर्ग झाला. यांतील बहुतेक मुले तिच्या वर्गात कधी बसलेली नव्हती. शाळेची मध्यवर्ती यंत्रणा वर्गांतील हवा एकत्र करून पुन्हा सर्व वर्गांत सोडीत होती.

(इ) अनपेक्षित वाटेने हवा ओढणे : हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या गृहसंकुलात मार्च २००३ मध्ये ३०० हून अधिक रहिवाशांना सार्स झाला. स्नानगृहातील नहाणी ट्रॅपमधील पाणी सुकले होते. एक्झॉस्ट फॅन सुरू होताच मैलावाहिनीतील दूषित हवा त्या कोरड्या ट्रॅपमधून घरात ओढली गेली.

५. आपल्या जिल्ह्यातील वर्ग व वसतिगृहे

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथील निवासी जवाहर नवोदय विद्यालयात डिसेंबर २०२१ च्या अखेरीस कोरोनाचा उद्रेक झाला. प्रथम १९ विद्यार्थी बाधित आढळले आणि काही दिवसांतच ही संख्या पन्नासच्या घरात गेली. निवासी शाळेत विद्यार्थी दिवसा एका वर्गात, सायंकाळी एका भोजनगृहात आणि रात्री एका शयनकक्षात असतात. तेथे ‘संपर्क’ या शब्दाचा अर्थ केवळ स्पर्श असा घेऊन चालत नाही. रात्रभर एकाच खोलीतील हवेत श्वास घेणे हाही संपर्कच होय. संसर्गाची मात्रा हवेतील विषाणूंचे प्रमाण आणि त्या हवेत घालविलेला वेळ या दोहोंवर ठरते. पौष-माघातील थंडीत आपल्याकडील वसतिगृहांच्या खिडक्या रात्री लावून घेतल्या जातात, हे ध्यानात घेतले म्हणजे या काळातील धोका लक्षात येतो.

महाविद्यालयीन वर्गाचे साधे गणित करून पाहू. ९ मीटर लांब, ७ मीटर रुंद व ३.५ मीटर उंच वर्गात सुमारे २२० घनमीटर हवा मावते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये सुचविलेले प्रमाण दरमाणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा असे आहे. वर्गात ६० जण असतील तर तासाला २,१६० घनमीटर हवा लागते. म्हणजेच वर्गातील सर्व हवा तासाला सुमारे दहा वेळा बदलली पाहिजे. दोन समोरासमोरील भिंतींच्या खिडक्या उघड्या असतील आणि वारा असेल तर हे साधते. खिडक्या बंद असताना, फटींतून होणारा हवाबदल तासाला एकदा धरल्यास, प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम एक लिटर हवा येते. ग्वांगझोच्या उपाहारगृहातील स्थिती जवळपास अशीच होती.

आपल्या इमारतींत हे बदल कसे घडत गेले हेही पाहिले पाहिजे. चौकाभोवती बांधलेले जुने वाडे, उंच छताच्या आणि वर झरोके असलेल्या जुन्या शाळा यांत हवा आपोआप खेळत असे. पुढे प्रोजेक्टरसाठी जाड पडदे आले, धूळ व चोरीच्या भयाने खिडक्या कायमच्या बंद झाल्या, काही खिडक्यांपुढे कपाटे उभी राहिली. मूल्यांकनाच्या तयारीत सभागृहे व संगणक प्रयोगशाळा वातानुकूलित झाल्या. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. छताच्या पंख्याचेही तसेच आहे. तो हवा ढवळतो, बदलत नाही.

६. करावयाचे उपाय

(१) मोजणी : प्रत्येकाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यामुळे खोलीतील हवा किती ‘वापरलेली’ आहे हे या वायूच्या प्रमाणावरून कळते. बाहेरील हवेत तो दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग असतो. दरमाणशी १० लिटरचे प्रमाण पाळल्यास बसलेल्या प्रौढांच्या वर्गात तो ९०० ते ९५० च्या आसपास स्थिरावतो. वर सांगितलेल्या बंद वर्गात मात्र एका तासिकेअखेर तो ३,५०० पर्यंत पोहोचतो. एक साधा मापक घेऊन भौतिकशास्त्र वा पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून सर्व वर्गांची मोजणी करून घेतल्यास ती उत्तम प्रकल्पवही ठरेल.

(२) तासिकांमधील अंतर : तासाला दहा वेळा हवाबदल होत असेल तर दहा मिनिटांत खोलीतील सुमारे ८० टक्के जुनी हवा निघून जाते. बंद खोलीत तेवढ्याच वेळात जेमतेम १५ टक्के जाते. दोन तासिकांमध्ये दारे-खिडक्या पूर्ण उघडण्याची सवय विनाखर्चाची आहे.

(३) पंख्याची दिशा : एका बाजूच्या खिडकीत बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट फॅन आणि समोरच्या बाजूने हवा येण्यास मोकळी वाट, ही जोडी असावी. वाट बंद असेल तर पंख्याचा उपयोग होत नाही. डासांचा त्रास असल्यास खिडकी बंद करण्याऐवजी जाळी बसवावी.

(४) वातानुकूलित दालने : एसी चालू असतानाही एखादी खिडकी किलकिली ठेवावी. विजेचा खर्च थोडा वाढेल. बाहेर धूळ वा धूर अधिक असल्यास हेपा गाळणीचे हवाशुद्धक यंत्र ठेवता येते. ते सूक्ष्म कण काढते, परंतु कार्बन डायऑक्साइड कमी करीत नाही. म्हणून तेथे मापकाचा आकडा एकट्याने पुरेसा मानू नये.

(५) वसतिगृहे : सुटीनंतर खोल्या उघडताना प्रथम नहाणी ट्रॅपमध्ये पाणी ओतावे. रात्री समोरासमोरील खिडक्यांची वरची तावदाने उघडी ठेवावीत व पांघरुणांची सोय वाढवावी. खोकला वा ताप असलेल्यास निराळी, हवेशीर खोली द्यावी.

(६) स्वच्छता : बाक, कड्या, कळफलक साबणाच्या पाण्याने वा साध्या जंतुनाशकाने पुसणे पुरेसे आहे. माणसांवर जंतुनाशक फवारू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच कळविले होते. रिकाम्या खोल्यांत वारंवार धुरळणी करणे हाही अपव्यय आहे, कारण दुसऱ्या दिवशी पहिला बाधित विद्यार्थी आत येताच तिचा परिणाम संपतो.

निष्कर्ष :

श्वसनविषाणू पृष्ठभागही दूषित करतात आणि वायुविजन यंत्रणाही, हे निर्विवाद आहे. परंतु पृष्ठभागावर सापडणारा अंश बहुधा भूतकाळाची खूण असतो, तर खोलीतील हवा त्या क्षणी प्रत्येकाच्या फुफ्फुसात जात असते. केंद्र शासनाच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे २०२१ रोजी प्रसृत केलेल्या सूचनांत वायुविजनावर विशेष भर दिला होता. तोवर दुसऱ्या लाटेने अपरिमित हानी केलेली होती. फवारणी डोळ्यांना दिसते, तिचे छायाचित्र निघते, अहवालात तिची नोंद होते. उघड्या खिडकीचे तसे नाही. म्हणूनच महाविद्यालयाच्या इमारत समितीने व अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने प्रत्येक वर्गाच्या वायुविजनाची वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यात व एकदा हिवाळ्यात, मोजणी करून ती वार्षिक अहवालात नमूद करावी, अशी सूचना येथे करावीशी वाटते. नव्या इमारतीचा नकाशा मंजूर करताना वर्गाच्या दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या खिडक्या आहेत किंवा नाहीत, एवढी एकच पृच्छा प्राध्यापकांनी आग्रहाने केली, तरी पुढील साथीतील कितीतरी विद्यार्थ्यांचे रक्षण होऊ शकेल.